तिसाच्या पाढ्यापर्यंत

आमच्या स्टुडिओत घड्याळं तीन होती आणि काम चालायचं ते जाऊबाईंच्या पाढ्यांवर. डार्करूमचं दार आतून बंद झालं, दारावरचा लाल दिवा लागला की मी काउंटरवरून कान लावायचे. "बे एके बे, बे दुणे चार" सुरू झालं म्हणजे रोल औषधात पडला. मग त्या आवाज न चढवता, न उतरवता म्हणत राहायच्या. पासपोर्टच्या फोटोसाठी आलेलं एखादं नवीन गिऱ्हाईक दबक्या आवाजात विचारायचं, "आत शाळा आहे का?" मी सांगायचे, "रोल धुतायत. आत्ता सतराचा चाललाय, बसा." माणूस बसायचा, पण दाराजवळच्या खुर्चीवर.

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. दिरांना मी भावजी म्हणते. फोटो काढायचे ते, धुवायच्या आणि छापायच्या त्या, आणि पाकिटांवर नावं घालून गिऱ्हाइकांशी भांडायचं मी. माझे यजमान तिसऱ्याच ठिकाणी नोकरीला होते, आणि त्यांना फोटोतलं काही कळत नव्हतं म्हणून घरात त्यांचं सगळ्यांशी छान जमायचं.

जाऊबाईंचे वडील कापड रंगवायचे. घरात मोठाल्या रंगाच्या कढया, त्यामुळे पाणी किती कोमट आहे ते मनगट बुडवून सांगायची सवय त्यांना लहानपणापासूनची. लग्न होऊन आल्या तेव्हा डार्करूममध्ये सासरे काम करत होते, आणि त्यांची नजर अधू होत चालली होती. एके दिवशी ही नवी सून चहा द्यायला आत गेली. कोऱ्या कागदावर औषधात बुडाल्याबुडाल्या एका माणसाच्या मिशा उगवताना तिनं पाहिल्या. चहा तिथंच गार झाला. दुसऱ्या दिवशी ती चहा न घेताच आत गेली, आणि त्यानंतर सासऱ्यांना म्हणे चहा बाहेर येऊन प्यावा लागायचा, कारण आत त्यांना जागाच उरली नाही.

आता भावजींबद्दल. माणूस देवमाणूस, पण चिक्कू. साबणाची चिपटी नव्या साबणाला चिकटवून वापरणारा. आणि हा चिक्कूपणा त्यांच्या कॅमेऱ्यातही शिरला होता, हे मला फार उशिरा कळलं. उजेड मोजायचं मीटर त्यांनी कधी घेतलं नाही. "माझा डोळा हाच मीटर," म्हणायचे. "एकोणीस वर्षांत एक रोल वाया गेलेला दाखव." मी कुठून दाखवणार? गेलाच नव्हता. डार्करूमच्या भिंतीवर सासऱ्यांच्या अक्षरातलं एक पुठ्ठ्याचं कार्ड होतं: 'चारशेची फिल्म, आठ मिनिटं.' आठ मिनिटं म्हणजे बेपासून बाविसापर्यंतचे पाढे, हा हिशोबही सासऱ्यांनीच बसवून दिलेला. भावजी कार्डाकडे बोट दाखवून म्हणायचे, "बाबांची वेळ आणि माझा डोळा. यात चूक व्हायला जागाच नाही." एवढं बोलून ते मागच्या कोचावर आडवे व्हायचे. पाढे सुरू झाले की बाराच्या आत त्यांचं घोरणं सुरू. त्यामुळे बाविसाच्या पुढं काय होतं ते त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

मी मात्र रोज ऐकत होते. "तीस दाहे तीनशे" कानावर पडलं की मी पाकीट काढून ठेवायचे.

हे सगळं सुरळीत चाललं असताना भावजी पडले. एका कार्यालयातल्या लोकांचा ग्रुप फोटो होता. सगळ्यांना म्हणत होते, "थोडे मागे सरका, अजून थोडे मागे," आणि लोकांना सांगता सांगता स्वतःच मागे सरकले आणि पायऱ्यांवरून खाली आले. कॅमेरा छातीशी धरला होता म्हणून कॅमेऱ्याला ओरखडा नाही. पाय मात्र दोन ठिकाणी मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर. माडीवरच्या खोलीत त्यांना झोपवलं, हाताशी एक घंटी दिली, आणि ती आमची चूक झाली.

त्यानंतरच्याच रविवारी समोरच्या बेकरीवालीच्या मुलीचं लग्न होतं.

बेकरीवालीचा नवरा बोटीवर स्वयंपाकी. दीड वर्ष झालं गेला होता, लग्नाला येणार म्हणून सगळी तयारी होती, आणि आयत्या वेळी बोट कुठल्याशा बंदरात दुरुस्तीसाठी अडकली. त्यानं पत्र पाठवलं: लग्न पुढं ढकलू नका, पोरीचा मुहूर्त माझ्यापायी मोडायला नको, मी फोटोत बघेन. बेकरीवाली हे पत्र एप्रनच्या खिशात घेऊन आमच्याकडे आली. भावजींचा पाय मोडल्याचं तिला माहीत होतं, तरी आली.

"दुसरा कुणी मला नको," ती म्हणाली. "तुमच्यापैकीच कुणीतरी काढा. गुरुवारी सकाळी त्यांच्या बोटीवरचा इलेक्ट्रिशियन परत जायला निघतोय, त्याच्या हातात पाकीट द्यायचंय. त्यानंतर दोन महिने जाणारं कुणी नाही. सगळे फोटो पाठवायचे, मागं नंबर घालून. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही गाळायचा नाही. ताई, त्यांच्यासाठी तेच लग्न आहे."

जाऊबाईंनी ओल्या हातांनी पत्र घेतलं, वाचलं, आणि म्हणाल्या, "मी काढते."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी जन्मात कॅमेरा हातात धरला नव्हता असं नाही, पण पुसण्यापुरताच.

भावजींनी माडीवरून चिठ्ठी लिहून दिली: उन्हात एवढं, सावलीत एवढं, हॉलमध्ये खिडकीपाशी एवढं. ती चिठ्ठी जाऊबाईंनी बाहीत खोचली आणि रविवारी सकाळी निघाल्या. आणि काय सांगू, त्या बाईनं धमाल केली! एकोणीस वर्षं लोकांचे चेहरे त्यांनी पाण्यातून वर येताना बघितले होते. कोण कधी डोळे मिटतो, कोण हसू दाबतो, कोणाची मान फोटोपूर्वी ताठ होते, सगळं त्यांना पाठ. नवरदेवाच्या मामांना म्हणाल्या, "तुम्ही पोट आत घेऊ नका, श्वास सोडल्यावर जास्त दिसेल." मामा हसले आणि तेवढ्यात खटका दाबला. खुर्चीवर चढल्या, टेबलाखाली शिरल्या, एकदा चक्क वाद्यवाल्यांच्या मधून डोकावल्या.

सतरावा फोटो माझा होता. आता हे सांगायलाच हवं, कारण पुढं त्याच्यावरूनच सगळं आहे. फोटो स्टुडिओच्या काउंटरवर बसून माझा स्वतःचा एकही धड फोटो नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. त्या दिवशी मी नवे गडद निळे कपडे घातले होते, मापानं शिवलेले. केक कापताना नवरीनं माझ्या नाकाला क्रीम फासलं, मी खो खो हसले, आणि जाऊबाईंनी नेमकं टिपलं. नवरी कडेला अर्धीच आली होती, मध्यभागी मी. मला आतून कळलं की हा फोटो चांगला आलाय.

सोमवारी सकाळी लाल दिवा लागला. बे एके बे. मी काउंटरवर बसून मनात सतरावा फोटो कुठं लावायचा ते ठरवत होते. तीस दाहे तीनशे झालं. पाण्याचा नळ सुटला, बंद झाला. चित्र पक्कं करणाऱ्या हायपोला द्यायचा तेवढा वेळ गेला. परत नळ. मग काहीच नाही. जाऊबाई नेहमी दार उघडून "झालं ग" म्हणायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, "धाकटे, आत ये जरा."

फिल्म त्यांनी दिव्यासमोर धरली होती. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं दिसतं, एवढं मलाही कळतं. पण हिच्यात सगळंच काळं. पहिल्यापासून छत्तिसापर्यंत कोळसा. डोळे ताणून बघितलं तर कुठंतरी एखादी कड, एखाद्या खिडकीचा चौकोन.

"उजेड जास्त झाला," जाऊबाई म्हणाल्या. आवाज साधा होता, पण फिल्म वाळत घालायचा चिमटा त्यांनी स्वतःच्या बाहीला लावला. एवढ्या वर्षांत त्यांची अशी चूक मी पाहिली नव्हती.

दुपारभर त्यांनी तशीच छापायचा प्रयत्न केला. एरवी कागदावर दहा सेकंद उजेड टाकला की फोटो होतो. इथं चार मिनिटं टाकला. दिव्याच्या उष्णतेनं फिल्म फुगली आणि हातात आलं ते राखाडी धुकं. त्यात कुठलीतरी दोन माणसं उभी होती; ती नवरा-नवरी की मामा-मामी हे देवालाच ठाऊक.

बेकरीवाली त्या दिवशी तीनदा येऊन गेली, दर वेळी गरम पाव घेऊन. मी म्हटलं, "अजून पाण्यात आहेत." मंगळवारी सकाळी परत आली. मी म्हटलं, "पाण्यात आहेत."

"कालपण पाण्यात होते," ती म्हणाली. "पोहायला शिकवताय का?"

मी हसले. ती गेल्यावर मला रडू फुटलं. मला खोटं बोलायला काही वाटत नाही, रोजच बोलते, 'उद्या नक्की मिळतील' हे काय खरं असतं? पण तिच्या एप्रनच्या खिशातून त्या पत्राचा कोपरा दिसत होता.

शेवटी माडीवर जाणं भाग पडलं. जाऊबाई फिल्म घेऊन पुढं, मी मागं. भावजींनी फिल्म खिडकीकडे धरली आणि चष्मा वर सरकवला.

"किती दिलंस?"

"तुमच्या चिठ्ठीपेक्षा उजेडाची दोन घरं जास्त."

"का?"

"पहिलीच वेळ. म्हटलं, कमी पडायला नको."

"अगं, मीच दोन घरं जास्त लिहिली होती! तुझा हात नवा म्हणून!"

एका भाजीत दोघांनी मीठ टाकलं की काय होतं ते मला माहीत आहे. मी तसं म्हणालेही. पण भावजी फिल्म फिरवून फिरवून बघत होते. "तरीपण एवढी काळी व्हायला नको. काहीतरी अजून आहे. धुतली आठच मिनिटं ना?"

जाऊबाई उशाशी पडलेली घंटी सरळ करायला लागल्या. आणि माझी ही जीभ, हिला हाड नाही. मी म्हणाले, "हो तर. नेहमीसारखं तिसापर्यंत."

"तिसापर्यंत?" भावजी म्हणाले. "बाविसापर्यंत."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"तिसापर्यंत म्हणजे अकरा मिनिटं झाली," भावजी सावकाश म्हणाले. "नेहमीसारखं म्हणजे कधीपासून?"

"पहिल्यापासून," जाऊबाई म्हणाल्या. "तुमच्या फिल्मा पातळ येतात हो. कांद्याच्या पापुद्र्यासारख्या. तुम्ही उजेड कमी देता. आठ मिनिटांत नाकडोळे येत नाहीत, म्हणून मी आठ पाढे जास्त म्हणते."

"एकोणीस वर्षं?"

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"फोटो चांगले येत होते. सांगून काय करायचं होतं?"

भावजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पायाला प्लास्टर असल्यामुळे बाकीचं अंग फिरवता आलं नाही, त्यामुळे ते फार विचित्र दिसत होतं, पण हसायची माझी हिंमत झाली नाही. माणसानं जन्मभर एका गोष्टीचा अभिमान बाळगावा आणि ती गोष्ट बायकोनं गुपचूप सांभाळलेली निघावी. मला त्या दोघांचीही इतकी माया आली की सांगता येत नाही. माझ्या जिभेला मात्र मी मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या.

मग भिंतीकडूनच आवाज आला, "बाबांची वही काढ. कपाटात खालच्या खणात. 'काळी पडलेली फिल्म उतरवणे' असं एक पान आहे."

पान होतं. सासऱ्यांच्या काळात अशा फिल्मा यायच्या म्हणे. जाऊबाईंच्या काळात, भावजींच्या कृपेनं, एकही आली नव्हती, त्यामुळे त्यांना हे काम हातानं कधी करावंच लागलं नव्हतं. नारिंगी रंगाचे पोटॅशचे खडे पाण्यात विरघळवायचे, त्यात हायपो मिसळायचा, आणि फिल्म त्यात सोडायची. ते पाणी फिल्मवरचा जादा काळेपणा खात जातं. नेमक्या वेळी बाहेर काढली तर चित्र मोकळं होतं. उशीर झाला तर चित्रही खाऊन टाकतं. आणि मिसळलेलं पाणी काही मिनिटांतच दमतं, म्हणजे दर वेळी ताजं करायचं.

"आणि ऐक," भावजी म्हणाले, "हे अंधारात करायचं नसतं. उजेडात. दिसलं पाहिजे."

ते स्वतःही खाली आले. चौदा पायऱ्या, बसून, एकेक. प्लास्टरचा पाय पुढं आणि मी पाय धरून उलटी. निम्म्या वाटेत म्हणाले, "धाकटे, मागं बघ, मागे सरकताना माणूस पडतो." तेव्हा मला कळलं की माणूस पूर्ण रुसलेला नाही.

डार्करूमसमोरच्या मोठ्या खिडकीत टेबल मांडलं. पडदे बाजूला केले. जाऊबाईंचं काम दिवसाउजेडी मी पहिल्यांदा पाहत होते. त्यांच्या बोटांची नखं औषधानं तपकिरी झालेली होती, ती उन्हात लख्ख दिसत होती.

आधी एका फोटोवर करून बघायला हवं होतं. कुठला? छत्तीसही त्या बापाचे. जाऊबाई पट्टीवर बोट फिरवत थांबल्या. मला कळलं. मी म्हटलं, "नाही हं."

"यात मुलगी अर्धीच आहे," त्या म्हणाल्या.

"मी पूर्ण आहे!"

"तू इथंच आहेस ग. त्याला मुलगी बघायचीय."

मीच कात्री दिली. सतरावा फोटो कापून पाण्यात भिजवला आणि त्या लिंबाच्या रंगाच्या पाण्यात सोडला. आम्ही तिघांनी डोकी एकत्र केली. आधी माझे नवे कपडे गेले. गडद कपडे निगेटिव्हमध्ये पातळ असतात, ते आधी विरघळतात. मग केस. "बास बास!" मी ओरडले, "अजून थोडं," भावजी म्हणाले, आणि तेवढ्यात चेहरा गेला. नाकावरचं क्रीम तेवढं शेवटपर्यंत काळ्या ठिपक्यासारखं टिकून राहिलं. मग तेही गेलं. जाऊबाईंनी बाहेर काढला तेव्हा तो काचेसारखा स्वच्छ तुकडा होता.

"जालीम झालं," जाऊबाई म्हणाल्या. "निम्मं करू."

"कोण निम्मं झालं?" दारातून आवाज आला. बेकरीवाली. हातात पाव.

आता लपवायला काही उरलं नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत जाऊबाई म्हणाल्या, "माझ्या हातून उजेड जास्त झाला. फिल्म काळी पडलीय. वाचवायचा प्रयत्न करतेय. सगळे वाचतील का, माहीत नाही."

बेकरीवालीनं पाव खाली ठेवले. टेबलाजवळ आली. पट्टी उचलून बघावी असं तिला वाटलं असणार, पण तिनं हात मागं घेतले. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"करपलंय ना?" ती म्हणाली. "आम्ही करपलेला पाव टाकत नाही, वरचं खरवडतो. आत पाव असतोच. खरवडा."

"भांडं लहान पडतंय," जाऊबाई म्हणाल्या. "आणि तळ पांढरा हवा, म्हणजे दिसेल."

ती पळत गेली आणि बेकरीतला पांढरा एनॅमलचा भलामोठा ट्रे घेऊन आली. मागोमाग बेकरीत आलेली दोन गिऱ्हाइकंही आली, कारण त्यांचे पाव कोण बांधून देणार?

पहिली पट्टी सोडली. जाऊबाईंनी ट्रेची एक कड उचलली, खाली ठेवली, उचलली, खाली ठेवली. आणि तोंडानं सुरू झालं: "बे एके बे, बे दुणे चार." खरं म्हणजे इथं मोजायचं नव्हतं, बघायचं होतं. पण त्यांच्या हाताला तोंडाशिवाय चालता येत नव्हतं. चाराच्या पाढ्यात काळ्याचं करडं झालं. पाचाच्या पाढ्यात खिडकीची चौकट सुटी झाली. सहा नव्वे चोपन्न म्हणताना एका डोक्याचा आकार वर आला, त्याच्या शेजारी दुसरं. जाऊबाईंनी पट्टी उचलली आणि नळाखाली धरली.

बेकरीवालीनं नाक ओल्या पट्टीजवळ नेलं. "अगोबाई," ती म्हणाली, "हिच्या कानातलं दिसतंय! माझं आहे ते कानातलं!" आणि ती इतकी मोठ्यानं हसली की रस्त्यावरचा पोस्टमन थांबून खिडकीतून बघायला लागला.

त्या दुपारी सहा पट्ट्या उतरल्या. दर वेळी भावजी पाणी मिसळून देत होते, जाऊबाई ट्रे हलवत होत्या. एकमेकांशी एक शब्द नाही, पण हात एकमेकांना बरोबर सापडत होते. बुधवारी छपाई झाली. वाळूसारखा बारीक दाणा आला होता, एकदोन ठिकाणी खिडक्या पांढऱ्याफटक राहिल्या, पण माणसं सगळी होती. मामांचं पोट होतं. वाद्यवाल्यांच्या मधून दिसणारी नवरी होती. शेवटचा, गाडीतून हात हलवणारा फोटो होता, त्यात तिचा हात हलला होता आणि डोळे थेट कॅमेऱ्यात होते.

मागं नंबर मी घातले. सोळानंतर अठरा घातला. अठराव्याला सतरा घालून पुढचे नंबर सरकवता आले असते, पण मी नाही सरकवले. तेवढा हक्क मला होता. गुरुवारी साडेदहाला इलेक्ट्रिशियन पाकीट घेऊन गेला, आणि तो काचेसारखा तुकडा मी चष्म्याच्या डबीत ठेवून दिला.

भावजी चार दिवस त्या एकोणीस वर्षांबद्दल बोलले नाहीत. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाले, "मग आता मी उजेड वाढवू, की तू पाढे कमी करतेस?"

"बसलेली घडी कशाला मोडता?" जाऊबाई म्हणाल्या. "तुम्ही तुमचं करा, मी माझं करते."

"पण मग माझा डोळा चुकीचा."

"आणि माझी वेळ चुकीची. फोटो बरोबर येतोय ना?"

भावजींनी वाढून घेतलं. भात संपल्यावर म्हणाले, "कार्डावर अकरा लिही. पेन्सिल दे, मीच लिहितो."

पत्र सात आठवड्यांनी आलं. पत्ता बेकरीचा, पण आत एक वेगळा कागद होता आणि त्यावर लिहिलं होतं, 'फोटो काढणाऱ्या बाईंना.' बेकरीवाली तो घेऊन धावत आली. भावजी तोवर काठी टेकत दुकानात बसायला लागले होते. त्यांनी कागद घेतला आणि उभं राहून मोठ्यानं वाचला. स्वयंपाक्यानं लिहिलं होतं की बोटीच्या स्वयंपाकघरात भिंतीला त्यानं सगळे फोटो एका ओळीत लावले. त्या दिवशी स्वतः केक केला. मग बोटीवरचे सगळे जण हात धुऊन, स्वच्छ शर्ट घालून पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत चालत गेले आणि शेवटी त्यानं एकेकाला केक दिला. 'असं मी माझ्या मुलीच्या लग्नाला जाऊन आलो,' त्यानं लिहिलं होतं. 'फक्त सोळानंतर अठरा आहे. सतराव्याची जागा मी भिंतीवर मोकळी सोडली आहे. सगळे विचारतात, तिथं काय झालं? मीही रोज तिथं येऊन थांबतो. असेल तर पाठवा.'

बेकरीवाली डोळे पुसत होती. जाऊबाई माझ्याकडे बघत होत्या.

"निळे कपडे आहेत का अजून?" त्या म्हणाल्या.

कपडे होते. थोडे घट्ट झाले होते, त्याला मी जबाबदार नाही, बेकरीवाली जबाबदार आहे. रविवारी नवरी माहेरी आली. केक आला. फिल्म उतरवली तीच स्टुडिओतली खिडकी, तेच टेबल. नवरीला कडेला अर्धी उभी करायला लागलो तर बेकरीवाली म्हणाली, "पूर्ण येऊ दे की आता." तिनं पुन्हा माझ्या नाकाला क्रीम लावलं. मी आधीच हसत होते.

कॅमेरा भावजींच्या हातात होता. त्यांनी एका फोटोसाठी नवीन रोल घातला होता. साबणाच्या चिपट्या चिकटवणाऱ्या माणसानं! डोळे बारीक करून खिडकीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या अंदाजानं, म्हणजे दोन घरं कमीच, उजेड दिला. मला खात्री आहे. जाऊबाईंनी ते बघितलं आणि काही बोलल्या नाहीत.

मग लाल दिवा लागला. मी नाक न पुसताच काउंटरवर जाऊन बसले. आतून सुरू झालं, बे एके बे. भावजी कोचावर आडवे झाले नाहीत. काठी टेकत गेले आणि डार्करूमच्या दाराबाहेरच्या खुर्चीत बसले. बारा गेला, पंधरा गेला, त्यांना झोप आली नाही. सतराचा आला तेव्हा माझ्याकडे बघून त्यांनी डोळे मिचकावले. बावीस दाहे दोनशे वीस झालं. आत जाऊबाई क्षणभर श्वास घ्यायला थांबल्या.

"तेवीस एके तेवीस," दाराबाहेरून भावजींनी सुरू केलं.

मग जाऊबाईंचा आवाज आला, "तेवीस दुणे सेहेचाळीस," आणि दाराच्या दोन्ही बाजूंनी पाढे पुढं निघाले. भावजी सव्विसात चुकले, सत्ताविसात दोनदा चुकले, आतून दर वेळी दुरुस्ती आली. बेकरीवाली, नवरी आणि पोस्टमन दारात उभे राहून ऐकत होते. मी पाकीट काढलं, त्यावर बोटीचा पत्ता घातला, आणि कोपऱ्यात सतरा लिहिलं.

"तीस दाहे तीनशे," दोघं एकदमच म्हणाले.